खान्देशातल्या घरात धिंगरीचं लिक्विड कल्चर: बटाट्याच्या पाण्यापासून दादर ज्वारीच्या स्पॉनपर्यंत

धिंगरी अळिंबी, म्हणजे ऑयस्टर मशरूम, पिकवायला खान्देशात कच्च्या मालाची वानवा नाही. गव्हाचं काड, सोयाबीनचा भुसा, केळीची वाळलेली पानं आणि खोड, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा चुरा, या सगळ्यांवर धिंगरी येते. अडतं ते बियाण्यापाशी. बाहेरून मागवलेलं स्पॉन, म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं, गाडीत तापत येतं, आणि तापलेलं स्पॉन वरून पांढरं दिसलं तरी पिशवीत भरल्यावर जोर धरत नाही. लांबच्या गावातल्या शेतकऱ्याचं पहिलं पीक बऱ्याचदा इथेच बसतं. घरी लिक्विड कल्चर करता आलं तर हे परावलंबन बरंच कमी होतं.

लिक्विड कल्चर म्हणजे पोषक गोड पाण्यात वाढवलेले अळिंबीचे तंतू, ज्यांना आपण मायसेलियम म्हणतो. अडीचशे मिलीची एक निरोगी बाटली हाताशी असेल, तर प्रत्येकी २ मिलीच्या हिशेबाने ती ज्वारीच्या शंभर बाटल्यांना पुरते. घट्ट माध्यमावरचा, म्हणजे चायना ग्रासने गोठवलेल्या पोषक पाण्यावर वाढलेला, तुकडा टाकून दाण्याची बाटली भरायला जेवढे दिवस लागतात, त्यापेक्षा सिरिंजने सोडलेलं द्रव लवकर पसरतं, कारण तंतूंचे बारीक तुकडे एकाच वेळी अनेक दाण्यांवर पोहोचतात.

पण जीवाणूही त्याच पाण्यात, तंतूंपेक्षा जास्त वेगाने वाढतात. घट्ट माध्यमावर बुरशीचा ठिपका डोळ्यांना दिसतो. द्रवात तो तंतूंच्या ढगाआड लपतो. म्हणून कल्चर वाढवण्यापेक्षा ते तपासणं जास्त महत्त्वाचं आहे, आणि या लेखात त्यालाच जास्त जागा दिली आहे.

आधी हवामान पाहा

धिंगरीच्या तंतूंना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. पस्तिशीच्या पुढे वाढ अडखळते आणि चाळिशी ओलांडली की तंतू मरू लागतात. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीच्या घरात जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या बाटलीचं काय होईल हे वेगळं सांगायला नको. दसरा झाला की कल्चर करायला घ्यावं, नोव्हेंबरात स्पॉन तयार करावं आणि डिसेंबर-जानेवारीत पिशव्या भराव्यात, हे वेळापत्रक आपल्याकडे सगळ्यांत सोयीचं. मैदानी हवेत साजोर काजू ही जात चांगली येते. थंडीच्या महिन्यांत फ्लोरिडाही घेता येते.

धाब्याचं जुनं घर असेल तर नशीब समजा, त्यातल्या आतल्या खोलीचं तापमान दिवसभर फारसं हलत नाही. तसं घर नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बाटल्या ठेवा. ऊन वाढलं की त्यात गोठवलेल्या पाण्याची एक बाटली फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवा, मात्र कल्चरच्या बाटलीला टेकवू नका. माठाजवळची गार जागा मोहात पाडते, पण ती टाळावी. तिथल्या ओलीने झाकणातलं फिल्टर भिजतं, आणि भिजलेल्या फिल्टरमधून बुरशी आत उतरते.

आपल्याकडच्या घरांत तीन गोष्टी खास त्रास देतात. एक म्हणजे कूलर. त्याच्या ओल्या गवतात बुरशीची बीजं भरपूर असतात आणि तो ती खोलीभर फेकतो, त्यामुळे कामाच्या खोलीत कूलर नको. दुसरी, कापसाच्या दिवसांत अंगणात रचलेल्या गंजीची धूळ. तिसरी, कुरडयांसाठी भिजत घातलेला गहू. तीन दिवस आंबणाऱ्या त्या गव्हात जीवाणू आणि यीस्ट भरलेले असतात. ज्या दिवशी घरात चीक काढायचा असेल त्या दिवशी कल्चरला हात लावू नये.

सामान

घरातला प्रेशर कुकर चालतो, पण उभी बाटली मावेल एवढा खोल हवा. साडेसात लिटरचा असेल तर उत्तम. आपल्याकडच्या बहुतेक कुकरांची शिट्टी चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो, म्हणजे १५ पौंड दाबाची असते. त्या दाबाला वाफेचं तापमान १२१ अंशांच्या आसपास पोहोचतं. इतकं तापमान लागतं, कारण माती आणि धान्यातल्या बॅसिलस जातीच्या जीवाणूंची बीजं साध्या उकळीत मरत नाहीत. पातेल्यात तासभर उकळलेलं पाणी निर्जंतुक झालं असं समजून पुढे गेलेल्यांच्या बाटल्या दोन दिवसांत गढुळतात.

पत्र्याचं झाकण असलेल्या काचेच्या चार-पाच बाटल्या घ्या, जॅमच्या किंवा लोणच्याच्या चालतील. औषधाच्या दुकानातून १० मिलीच्या नव्या सिरिंज, १८ गेजच्या सुया, मायक्रोपोर टेप आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. अल्कोहोल ७० टक्केच हवं. शुद्ध अल्कोहोल झटकन उडून जातं आणि जंतू मारायला त्याला पुरेसा वेळ मिळत नाही. सुई लाल करायला स्पिरिटचा दिवा लागेल. गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारं, उष्णता सोसणारं गॅस्केटचं सिलिकॉनही लागेल.

उरला कापूस. औषधाच्या दुकानातला पांढराशुभ्र सर्जिकल कापूस इथे उपयोगाचा नाही, तो वाफ शोषून ओला होतो. सरकी काढलेली, न धुतलेली कच्ची रुई घ्या. कापसाच्या तंतूवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो, म्हणून कच्ची रुई पाणी धरत नाही. सर्जिकल कापसातून तो थर काढून टाकलेला असतो. ज्या मुलखात दारोदारी कापूस पिकतो तिथे ही वस्तू विकत घ्यायचीही गरज नाही. गादीतला जुना कापूस मात्र नको, नवी स्वच्छ रुईच हवी.

झाकण

झाकणाला खिळ्याने साधारण ६ मिलिमीटरची दोन भोकं पाडा आणि कडा कानशीने साफ करा. एका भोकावर आतून-बाहेरून सिलिकॉनचा जाडसर गोळा लावून चोवीस तास वाळू द्या. सुई यातून आत जाईल आणि काढल्यावर भोक आपोआप मिटेल. दुसऱ्या भोकात रुई अगदी घट्ट दाबून बसवा आणि वर मायक्रोपोर टेपचे दोन थर चिकटवा. तंतूंना श्वास घ्यायला हवा लागते, ती इथून गाळून येते. जमत असेल तर रुईऐवजी ०.२२ मायक्रॉनचं, पाणी न धरणारं सिरिंज फिल्टर बसवा. ते टिकतंही जास्त.

प्रत्येक बाटलीत काचेची एक छोटी गोटी टाका. पुढे बाटली घोळवली की ती तंतूंचे गुंते तोडते.

बटाट्याचं पाणी

मध, माल्ट, डेक्स्ट्रोज अशा अनेक कृती आहेत. बटाटा-डेक्स्ट्रोज ही प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं वापरली जाणारी आणि आपल्याकडे सहज जमणारी, म्हणून मी तीच सुचवतो.

अर्धा लिटर द्रवासाठी १०० ग्रॅम बटाटे सोलून बारीक फोडी करा. अर्ध्या लिटरहून थोड्या जास्त पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं मंद उकळा. फोडी मऊ व्हाव्यात, पण कुस्करू नयेत. पाणी मलमलच्या दुहेरी फडक्यातून गाळा, तासभर स्थिर ठेवा आणि वरचं निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात ओता. खाली बसलेला पांढरा साका म्हणजे स्टार्च, तो टाकून द्या. निवळ अर्धा लिटर भरेल एवढं पाणी घालून त्यात १० ग्रॅम डेक्स्ट्रोज विरघळवा. डेक्स्ट्रोज साधं, काहीही न मिसळलेलं असावं. ताकदीच्या पेयाच्या डब्यातल्या पावडरीत क्षार, जीवनसत्त्वं आणि स्वाद मिसळलेले असतात.

बटाट्याचा खटाटोप नको असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात १० ते १५ ग्रॅम मध घाला. गूळ वापरू नये. त्याने तंतू वाढतात, पण त्यातल्या गाळामुळे द्रव गढूळ होतं, आणि मग तो गढूळपणा गुळाचा की जीवाणूंचा हे कळायचा मार्ग उरत नाही. लिक्विड कल्चरमध्ये पारदर्शकता हीच आपली नजर आहे. साखरही वाढवू नका. दाट पाकात तंतू खुंटतात.

बाटल्या अर्ध्याहून थोड्या जास्त भरा, दोन तृतीयांशाच्या वर नको. झाकण लावा आणि वरून ॲल्युमिनियम फॉइलची टोपी बांधा, म्हणजे कुकरमधलं पाणी रुईवर टपकणार नाही.

कुकर

तळाला जाळी ठेवून दोन-अडीच इंच पाणी घाला आणि बाटल्या एकमेकींना न भिडता उभ्या करा. कुकर बंद करून शिट्टी न लावता पाच मिनिटं वाफ जाऊ द्या. आतली हवा बाहेर गेली नाही तर दाब भरला तरी तापमान पुरेसं चढत नाही. मग शिट्टी लावा, पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि तिथून २५ मिनिटं मोजा. याहून फार जास्त वेळ ठेवलं तर साखर करपून द्रव तपकिरी होतं.

नंतर कुकरला हात लावू नका. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली तर बाटलीतलं द्रव उसळून रुई भिजवतं. रात्री कुकर लावून सकाळी उघडणं सगळ्यांत बरं.

निघालेल्या बाटल्या लगेच वापरायच्या नाहीत. तीन दिवस खोलीत तशाच राहू द्या. ज्या गढुळल्या त्या इथेच बाद. हे तीन दिवस घाईत बरेच जण गाळतात, आणि मग दोष मातृ-कल्चरवर, म्हणजे ज्यापासून सुरुवात केली त्या मूळ कल्चरवर, ढकलतात.

कल्चर सोडणं

मातृ-कल्चर खात्रीचं हवं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं केंद्र आहे, आणि हिमाचलातल्या सोलनला भारतीय कृषी संशोधन परिषदेचं अळिंबी संशोधन संचालनालय आहे; जातिवंत कल्चरसाठी चौकशी अशा ठिकाणी करावी. आपल्या जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रातही विचारून पाहा.

बाजारातल्या ताज्या धिंगरीचं देठ उभं फाडून आतला गर घेऊनही सुरुवात करता येते. मात्र तो गर थेट द्रवात टाकू नका. आधी चायना ग्रासच्या घट्ट माध्यमावर वाढवा आणि स्वच्छ पांढऱ्या कडेचा तुकडाच पुढे घ्या. पावसाळ्यात सातपुड्याच्या रानात उगवलेली, ओळख न पटलेली अळिंबी आणून तिचं कल्चर करण्याच्या फंदात तर अजिबात पडू नये. विषारी जाती खाण्याजोग्या जातींसारख्या दिसतात आणि कल्चर केल्याने विष जात नाही.

कामासाठी स्थिर हवेची पेटी करा. मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आडवा किंवा पालथा ठेवून समोर दोन हात जातील एवढी भोकं पाडा. वारा नसेल तर धूळ आणि बीजं खाली बसतात, हेच या पेटीचं तत्त्व. सकाळी लवकर, अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, तोंडाला मास्क लावून बसा. पंखा बंद, खिडक्या बंद. पेटी आतून अल्कोहोलने पुसा, बाटल्या आणि हात पुसा, मग दहा मिनिटं काहीही हलवू नका.

पेटीच्या आत ज्योत कधीही न्यायची नाही. अल्कोहोलची वाफ साठलेल्या बंद पेटीत भडका उडतो. दिवा पेटीबाहेर, अल्कोहोलच्या बाटलीपासून लांब ठेवा. हाताला लावलेलं अल्कोहोल पूर्ण वाळल्यावरच दिवा पेटवा. सुई बाहेर लाल करून आत न्या आणि थोडी गार होऊ द्या.

सिलिकॉनचा गोळा अल्कोहोलने पुसा, सुई टोचा आणि अडीचशे मिलीच्या बाटलीत १ ते २ मिली कल्चर सोडा. घट्ट माध्यमावरून सुरुवात असेल तर निर्जंतुक चाकूने अर्ध्या सेंटीमीटरचा तुकडा कापा आणि झाकण जेमतेम किलकिलं करून आत टाका. बाटलीवर जात, तारीख आणि कितवी पिढी ते लिहा.

याच बैठकीत आणखी दोन बाटल्या तयार करा. पहिली कोरी, काहीही न टोचलेली. दुसरीत तसंच कुकरमधून काढलेलं नुसतं पाणी १ मिली टोचा. कोरी बाटली गढुळली तर चूक कुकरची किंवा झाकणाची. कोरी स्वच्छ राहून पाण्याची गढुळली तर चूक हाताची किंवा पेटीची. दोन्ही स्वच्छ आणि फक्त कल्चरची बाटली खराब, तर मातृ-कल्चरच मुळात दूषित होतं. या दोन बाटल्यांनी जेवढं शिकायला मिळतं तेवढं दहा व्हिडिओ पाहून मिळत नाही, म्हणून निदान पहिल्या काही खेपांना त्या वगळू नका.

वाढ

दोन दिवस बाटली स्थिर ठेवा. नंतर रोज एकदा हलकेच गोल घोळवा, द्रव झाकणापर्यंत उडू देऊ नका. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी धुक्यासारखे पुंजके दिसू लागतात आणि आठ-दहा दिवसांत बाटली तंतूंनी भरते. अंधाराची सक्ती नाही, थेट ऊन मात्र नको. डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की वाढ मंदावते. अशा वेळी खोकं गोधडीत गुंडाळून ठेवावं. चुलीशेजारी ठेवायचा उपद्व्याप करू नये.

तपासणी

घोळवलेली बाटली तासभर स्थिर ठेवून उजेडासमोर धरा. पांढरे पुंजके आणि त्यांच्या मधलं पाणी फिकट सोनेरी पण स्वच्छ, एवढं दिसलं तर पहिली पायरी पार झाली. पुंजके आहेत पण मधलं पाणी दुधाळ आहे, तळाशी राखाडी लगदा बसलाय, स्थिर बाटलीत बुडबुडे चढताहेत, वर तेलकट कडं धरलंय, ही जीवाणू किंवा यीस्टची लक्षणं. पृष्ठभागावर हिरवं बेट दिसलं तर ती ट्रायकोडर्मा किंवा पेनिसिलियम ही बुरशी. काळपट किंवा नारिंगी रंगही वाईटच. असली बाटली वास घ्यायला उघडू नका.

डोळ्यांना स्वच्छ दिसणारी बाटलीही पास झाली असं समजू नका. थोडे जीवाणू द्रव गढूळ करत नाहीत, पण ज्वारीवर गेले की तीन दिवसांत पसरतात. म्हणून दुसरी पायरी घट्ट माध्यमाची. वरच्याच बटाट्याच्या १०० मिली पाण्यात २ ग्रॅम चायना ग्रास विरघळवा, लहान बाटल्यांत बोटभर ओता, कुकरमध्ये २५ मिनिटं ठेवा आणि गोठू द्या. पेटीत हात घालून त्यावर कल्चरचे दोन थेंब टाका. एक-दोन दिवसांतच ओलसर, चकाकणारे, मलईच्या रंगाचे ठिपके उठले तर जीवाणू आहेत. चार-पाच दिवसांत फक्त पांढरे, कापसासारखे, सगळीकडे सारखे पसरणारे तंतू दिसले तर कल्चर शुद्ध.

तिसरी पायरी म्हणजे ज्वारीच्या एकाच बाटलीत कल्चर सोडून पाहणं, तिची कृती पुढे दिली आहे. पाच-सहा दिवसांनी दाणे बुळबुळीत झाले, काचेला चिकटले, रुईपाशी आंबूस वास आला, तर सगळी खेप थांबवा. या तीन पायऱ्यांत दहा-बारा दिवस जातात. त्या बदल्यात पन्नास बाटल्या ज्वारी, गॅस आणि हंगाम वाचतो.

दादरवर स्पॉन

स्पॉनसाठी गहूही चालतो, पण ज्वारीचा दाणा गोल असल्याने बाटलीत मोकळा राहतो. तापी खोऱ्यातली आपली दादर यासाठी छान. फुटका, किडका किंवा औषध लावलेला दाणा नको.

ज्वारी धुऊन बारा तास भिजवा, मग पंधरा-वीस मिनिटं उकळा. दाणा नखाने दाबला तर दबावा, पण फुटू नये. फुटलेल्या दाण्यातला स्टार्च जीवाणूंना आयतं खाद्य. पाणी निथळून फडक्यावर पसरा आणि दाण्यावरचं पाणी पूर्ण सुकू द्या. मूठभर उचलल्यावर तळहात ओला होता कामा नये. किलोभर दाण्याला दोन चमचे जिप्सम चोळलं की दाणे चिकटत नाहीत. पाव किलोच्या मापाने बाटल्या दोन तृतीयांश भरा.

दाण्याला कुकरमध्ये जास्त वेळ लागतो, दाब भरल्यापासून दीड तास. एवढ्या वेळात घरचा कुकर कोरडा पडू शकतो, म्हणून पाणी जास्त घाला, आच अगदी बारीक ठेवा आणि कुकर सोडून शेतात जाऊ नका. गार झाल्यावर प्रत्येक बाटलीत २ मिली तपासलेलं कल्चर सोडा. साधारण तिसरा भाग पांढरा झाला की बाटली हलवून दाणे मिसळा. दोन आठवड्यांत ती भरते.

द्रव थेट काडाच्या पिशवीत ओतायचा शॉर्टकट अनेकांना सुचतो. काड नुसतं पाश्चराइज केलेलं असतं, निर्जंतुक नसतं. त्यात साखरेचं पाणी गेलं की धिंगरीआधी दुसरेच जेवून घेतात. ज्वारीचा टप्पा ठेवायलाच हवा.

साठवण

साजोर काजू किंवा फ्लोरिडाची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, ४ अंशांच्या आसपास, काही महिने टिकते. पिशवीत बांधून, दही-दुधापासून वेगळी ठेवा आणि घरातल्या मुलांना पेय वाटणार नाही असं ठळक लिहा. फ्रीझरमध्ये नको. गुलाबी धिंगरी मात्र फ्रिजमध्ये मरते. ती खोलीतच, गार जागी ठेवून लवकर वापरावी.

जुन्या बाटलीतून नवी, तिच्यातून आणखी नवी, असं विरजणासारखं वर्षभर चालवता येत नाही. पिढ्यांगणिक तंतूंचा जोम कमी होतो, उत्पादन घटतं आणि लपलेला संसर्ग वाढत जातो. तीन-चार पिढ्यांनंतर मूळ घट्ट माध्यमावरच्या कल्चरकडे परत जा. ती मूळ बाटली कधीही पूर्ण संपवू नका.

खराब बाटल्या आधी झाकणासकट कुकरमध्ये अर्धा तास शिजवा आणि मगच घराबाहेर उघडून उकिरड्यावर टाका. हिरवी बाटली घरात उघडली तर पुढचे कित्येक आठवडे तिची बीजं त्रास देतात. वापरलेल्या सुया टोपण लावून जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा, कचऱ्यात मोकळ्या टाकू नका.

मार्चनंतर धिंगरी थांबवावी लागते. त्यापुढेही काम चालू ठेवायचं असेल तर दुधी अळिंबीचा विचार करा. तिला ३० ते ३५ अंश मानवतात, पण बेड भरल्यावर वरून मातीचा थर द्यावा लागतो. मेमधलं ऊन तिलाही जड जातं. पाऊस पडून हवा निवळली की जून ते सप्टेंबर तिचे दिवस. कल्चरची कृती हीच, फक्त बाटल्या तीस अंशांच्या आसपास ठेवायच्या. पावसाळी हवेत रुई ओली होण्याची भीती जास्त, तेव्हा त्या खेपेला सिरिंज फिल्टरचा खर्च करावाच.